हुलग्याच्या पिठाचा खप

भावकीतल्या साळूबाईंनी दुरडीतली भाकरी मोडून सुरेखाच्या ताटात टाकली आणि डब्यातलं पिठलं वाढलं. पहिला घास तोंडात गेला आणि सुरेखाचं चावणं थांबलं.

चव तिच्या हातची होती. हुलगे अंमळ जास्त भाजलेले, मागून लसणाचा ठसका आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा जवसाचा तेलकटपणा. पिठलं साळूबाईंच्या चुलीवर शिजलं असेल, पण पीठ अंबडच्या तिच्या दोन खोल्यांच्या कारखान्यातलं होतं. पुड्यावर तिचं नाव होतं आणि खाली आईच्या हौसेखातर छापलेलं तुळशीचं रोप.

"थांबली का गं? खा," साळूबाई म्हणाल्या. "अन् तुझ्या मायलाबी दोन घास चार. कालपासून नुसती पाण्यावर हाये ती."

सुरेखाचे वडील, रामकिसनअण्णा, आदल्या दिवशी पहाटे झोपेतच गेले होते. ओसरीवर माणसं गुडघे दुमडून बसली होती. घरात चूल पेटायची नव्हती. दहाव्यापर्यंत भावकीतल्या घरांनी पाळीपाळीनं भाजी-भाकरी आणायची, अशी गावाची रीत. त्या जेवणाची आणखीही एक रीत होती, आणि ती कुणाला शिकवावी लागत नसे. दुखवट्याच्या घासाला नाव ठेवायचं नाही आणि त्याचं कौतुकही करायचं नाही. पुढ्यात आलेलं गिळायचं आणि हात धुवायचे.

सुरेखानं गिळलं. पण बाप जाऊन एक दिवस उलटत नाही तोच तिच्या मनात उजेड पडल्यासारखं झालं. माझा माल साळूकाकूंच्या घरात आहे. ज्या गावात घरोघरी हुलगे पिकतात आणि दळून डब्यात भरलेले असतात, तिथल्या बाईनं माझा पुडा विकत आणला. तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात अण्णांची बसायची जागा होती, तिकडं तिची मान सवयीनं वळलीही. मग तिनं मान खाली घातली आणि ताटातलं संपवलं. स्वतःची तिला भयंकर लाज वाटली.

लाज वाटावी असं त्यात खरं तर काही नव्हतं. चार वर्षं झाली होती तिला हा धंदा मांडून. नवरा कल्याण मालाची गाडी फिरवायचा, ती भाजायची, दळायची, पुडे भरायची. थालीपीठाची भाजणी, उपवासाचं पीठ, जवसाची चटणी आणि हे पिठल्याचं तयार पीठ. पहिली तीन वर्षं अंदाजपंचेच गेली. कधी चटणी कमी पडायची, कधी भाजणीला पोरकिडे व्हायचे. मग तिनं जालन्याला एक प्रशिक्षण घेतलं. साठा किती ठेवावा, कोणता माल वाढवावा, कोणता बंद करावा, हे तिथं शिकवत. शिकवणारे साहेब एक वाक्य फार ठासून सांगायचे. माणूस भिडेपोटी खोटं बोलतो, विक्री कुणाची भीड ठेवत नाही. तोंडावर कौतुक करणाऱ्यांना विचारू नका, दुकानातून काय उठतं ते बघा.

सुरेखाला हे मनापासून पटलं. ती बघायला लागली. अंबडच्या दुकानांत चटणी रडतखडत का होईना खपत होती आणि हुलग्याचं पीठ धूळ खात होतं. परतूरलाही तीच गत. पण माहेरच्या गावाकडं, अंतरवालीच्या वाटेवरच्या चार दुकानांत, हुलग्याचं पीठ टिकत नव्हतं. कल्याण माल टाकून यायचा आणि पुढच्या फेरीला कपाट रिकामं. तिनं तिकडं माल वाढवला. तोही उठला. आणखी वाढवला, तोही. एवढ्यानं कुणाचंही डोकं हवेत जाईल, तिचं जरा उशिराच गेलं. तिनं हिशोब मांडला. शहरगावचं गिऱ्हाईक लहरी, खेड्यातलं पक्कं. चटणी बंद करायची, हुलगा धरायचा आणि पुढल्या साली तालुक्यातल्या सगळ्या खेड्यांत तोच पोचवायचा. नवं पीक निघालं होतं. परतूरच्या मोंढ्यातल्या धान्याच्या व्यापाऱ्याकडं, मिथुनकडं, तिनं वर्षभराचे हुलगे बोलून ठेवले होते. फक्त शेवटचा होकार द्यायचा होता आणि त्याच आठवड्यात हे झालं.

चटणी बंद करायचं तिनं दिवाळीला अण्णांना सांगितलं होतं. ते अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"चटणी कशाला बंद करते? राहू दे की चालू."

"अण्णा, चटणीला उठाव न्हाई. तुमच्या गावाकडं बघा, हुलगा कसा खपून राह्यला."

"हां. खपतो तर बराबर." अण्णांनी खाकरून घसा साफ केला. "पण एकाच मालावर सगळा भार नको टाकू, लेकी. आजचं गिऱ्हाईक उद्या असंल, नसंल."

"हे गिऱ्हाईक पक्कं हाये."

अण्णांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "लोक बोटं चाटत्यात म्हणा." आणि उठून गोठ्याकडं गेले. म्हातारं माणूस, बदलाला बिचकतं, असं सुरेखानं धरून चाललं. चार बुकं शिकलेल्या लेकरांना आईबापाचं बिचकणं तेवढं पटकन ओळखू येतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. दुपारी उषाबाईंच्या घरून डबा आला. पिठलंच होतं, आणि तेच. चौथ्या दिवशी वरच्या आळीतून आलं, तेही तेच. सुरेखा घास घ्यायची आणि आतल्या आत मोजदाद करायची. कितव्या घरात पोचलाय आपला माल! रडू यायचं तेव्हा यायचंच. रात्री आईच्या कुशीत ती लहान पोरीसारखी हुंदके द्यायची. पण दुपारी ताटावर बसली की तिच्यातली दुकानदारीण जागी व्हायची. कसं लागलं ते विचारावं, जवस कमी हवं होतं का विचारावं, असं तोंडाशी यायचं. रीत आडवी यायची आणि ती गप्प बसायची. अण्णा असते तर त्यांनी बरोबर काढून घेतलं असतं लोकांकडून, असं तिला वाटायचं.

नवव्या दिवशी पाळी फिरून साळूबाईंकडं आली. ओसरी रिकामी होती. कल्याण दहाव्याचं सामान आणायला अंबडला गेला होता. तिची आई, सगुणाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. साळूबाईंनी डबा उघडला आणि सुरेखाला राहवलं नाही.

"काकू, हे पीठ कोणत्या दुकानातून आणता तुम्ही?"

"दुकानातून?" साळूबाईंचा हात डब्यावरच राहिला. "दुकानातून कशाला आणू? अण्णानंच दिल्तं की."

"अण्णांनी?"

"मंग. दर बाजाराला पिशवी भरून आणायचा. आमच्याइथं दोन, उषाबाईकडं दोन, वरच्या आळीला, पार शिवाच्या वस्तीपोतर. सायकलीवर. म्हणायचा, आमच्या सुरेखाचं हाये, खाऊन बघा. पैशे दिऊ केले तर रागवायचा." साळूबाईंनी एक भाकरी तिच्याकडं सरकवली. "घरात लई साठलं व्हतं. अन् दुखवट्याचा डबा जल्दी करायचा असतो, म्हणून आम्ही समद्याच तेच शिजवून राह्यलो."

सुरेखानं आईकडं बघितलं. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

"माय, तुला ठावं व्हतं?"

"चारी दुकानं फिरायचे," सगुणाबाई म्हणाल्या. "एकाच दुकानातून घेतलं तर जावयाच्या ध्यानात यील म्हणायचे. तू माल वाढवला की ह्यांच्या फेऱ्या वाढायच्या. मी म्हणलं, पोरीला सांगून टाका. तर म्हणले, आता तिचा जम बसून राह्यला, थोडे दिवस जाऊ दे. खरे गिऱ्हाईक लागले की मी सोडतो."

सुरेखानं ताट पुढं ओढलं, पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. दिवाळीला बाजेवर बसलेले अण्णा तिला दिसत होते. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता. त्यांना जेवढं सांगता येत होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि तिनं त्यांना धंदा शिकवला होता.

"काकू," ती म्हणाली, "कसं लागतं हे?"

साळूबाईंनी सगुणाबाईंकडं बघितलं. "जेवताना इचारू न्हाई बाई. दुखवट्याचा घास हाये."

"मला सांगा. माझंच पीठ हाये."

साळूबाई बराच वेळ डब्याचं झाकण पदरानं पुसत राहिल्या.

"आता मेल्या माणसाच्या दारात खोटं कसं बोलू? कडवट लागतं. हुलगा लई भाजते तू. अन् पिठल्यात जवस कशाला घालावा? आमच्या घरात कोणी खाईना. पण अण्णा इतक्या कौतुकानं आणायचा, त्याला कसं सांगावं? ज्यानं त्यानं चांगलंच हाये म्हणून सांगितलं. तो आणखी आणायचा." त्या थांबल्या. मग घाईनं म्हणाल्या, "चटणी मातर झकास असते तुझी. ती आम्ही अंबडहून इकतच आणतो."

सुरेखानं हातातला घास तोंडात घातला. कडवट होता. खरोखरच कडवट होता, आणि ही चव इतकी वर्षं तिच्या जिभेवर असून तिला कळली नव्हती. तिनं ताटात काही शिल्लक ठेवलं नाही. साळूबाई वाढू का म्हणाल्या तर तिनं मान हलवून आणखी घेतलं आणि तेही संपवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साळूबाईंनी ते पुसलं नाही, फक्त तांब्या जवळ सरकवून ठेवला.

"अण्णा खायचे का?" तिनं आईला विचारलं.

"रोज सांजच्याला. म्हणायचे, सवय झाली की गोड लागतं."

दहावा झाला. नदीवरून माणसं परतली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले. कल्याण त्यांना सोडून परतताना वाटेत चारही दुकानांवर थांबून आला होता. गाडीची चावी खुंटीला लावत तो म्हणाला की यावेळी पीठ होतं तिथंच आहे, एक पुडा हलला नाही, अण्णांच्या जाण्यानं सगळ्या गावालाच खाण्यापिण्याचं सुचत नसेल. सुरेखा हो म्हणाली. त्याला सांगायला अजून तिला वेळ लागणार होता.

दिवेलागणीच्या सुमाराला मिथुनचा फोन आला. मोंढ्यातल्या गोंगाटात तो आधी अण्णांबद्दल बोलला. फार देवमाणूस, म्हणाला. मग थोडं थांबून, चाचरत कामाचं काढलं.

"ताई, अशा वक्ताला इचारू न्हाई, पण तुमच्यासाठी हुलगे धरून ठेवले. लोक मागून राह्यले. गाडी लावू का उद्या?"

"नको, मिथुनभाऊ. सोडून द्या."

"थोडे तरी?"

"बिलकुल नको. जवस असंल तर सांगा, चटणीला लागंल."

पलीकडं तो गोंधळला. एवढा मोठा सौदा, महिनाभर बोलून ठेवलेला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती.

"का बरं ताई? हुलग्याचं तर पक्कं गिऱ्हाईक व्हतं म्हणले व्हते तुम्ही. काय झालं, गिऱ्हाईक तुटलं का?"

सुरेखानं फोन दुसऱ्या कानाला लावला. आत सगुणाबाई दहा दिवसांनी पहिल्यांदा चूल पेटवत होत्या आणि घरात धूर भरत होता.

"व्हय," ती म्हणाली. "एकच व्हतं."