बंद करायचंय म्हणणाऱ्यांचा फोन

ऑफिसात मला डिंक म्हणायचे. वर्गणी बंद करायची म्हणून फोन केलेलं गिऱ्हाईक माझ्या तावडीत सापडलं की चिकटलंच, अशी माझी ख्याती. आमची कंपनी शिवणकामाच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर विकते. कुणाची मापं काय, कुणाचा कपडा कधी द्यायचा, कुणाची बाही उसवायची राहिली, सगळं त्यात. त्याची वर्गणी दर महिन्याला भरायची. चालू करायला एक बटण पुरतं, बंद करायला मात्र फोनच करावा लागतो, आणि तो फोन माझ्या टेबलावर यायचा.

माझी पद्धत साधी होती. 'का बंद करताय' असं मी कधी विचारलं नाही. 'का' म्हटलं की माणूस भांडायला उभा राहतो. मी विचारायचे, "काय झालं?" मग माणूस सांगू लागायचा. कुणाचं बिल चुकलेलं असायचं, कुणाला पावती छापता येत नसायची. ते मी मिटवायचे आणि ती माणसं राहायची. पण कुणी म्हणालं की दुकानच मिटलं, किंवा आता झेपत नाही, तर मी बाबापुता करत बसत नसे. "बरं. मापं सगळी पाठवून देते. या मग," एवढंच म्हणायचे. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणू नये, हे मी घरातच शिकले.

गेल्या वर्षी फोनांचा सूर बदलला. "ताई, आमच्या भाच्यानं एआयला सांगून आमच्यापुरतं बनवून घेतलंय. एका रविवारात झालं की हो!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग रोज कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी सून. कंपनीला घाम फुटला. ज्या एआयनं गिऱ्हाइकं पळवली, त्यालाच ती धरून ठेवायला बसवायचं ठरलं. माझ्या आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. मला तेवढं ठेवलं, कारण नव्या यंत्राला आवाज माझा दिला होता. पगारवाढीच्या कागदांबरोबर एक कागद पुढे सरकवला होता, त्यावर सही माझीच. असले कागद वाचतं कोण?

त्याच सुमारास वहिनीनं माझा फोन उचलणं बंद केलं.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. माझ्या शाळेच्या गणवेशापासून ऑफिसच्या पहिल्या कपड्यांपर्यंत सगळं तिनं शिवलेलं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं, त्यातही आमचंच सॉफ्टवेअर. अलीकडे तिचे हात थरथरायला लागले, सुई धरवेना, आणि हे आता असंच राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं दुकान बंद केलं. मी गेले तेव्हा मशिनवर चादर टाकलेली होती आणि ती पाठ फिरवून बसली होती.

"काय झालं वहिनी?"

"बघ! अगदी अस्संच विचारलंस फोनवर." ती गर्रकन वळली. "मी म्हटलं, दुकान मिटलं, हात थरथरतात. तर म्हणतेस कशी, 'हात बरा होईपर्यंत थांबा, तोवर तुमची मापं मी सांभाळते. तीन महिने फुकट देते.' मला अहोजाहो करून! दवाखान्यात माझ्या शेजारी कोण बसलं होतं गं? तुला माहीत नाही हात बरा होणार नाही ते?"

"अगं, ती मी नव्हते! यंत्र होतं ते."

"मला नको शिकवूस. लहानपणापासून ऐकतेय तुझा आवाज, ओळखत नाही होय मी?"

मी शपथा घेतल्या. व्यर्थ. घरी परतताना मला ते वाक्य आठवलं. माझंच होतं. शिडीवरून पडून मनगट मोडलेल्या एका शिंप्याला मी ते म्हणाले होते. त्याचं प्लास्टर निघालं, तो परत मशिनवर बसला, मला फोन करून त्यानं आभार मानले. त्याला दिलेला धीर उचलून या लोकांनी माझ्या वहिनीच्या तोंडावर मारला होता. माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी. साहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे, बोलायला गोड.

"सर, यंत्राला शिकवलंत काय?"

"तुमचेच फोन, मॅडम. सगळे यशस्वी फोन."

"आणि मी ज्यांना जाऊ दिलं ते?"

"ते कशाला? ते तर अपयश."

म्हणजे माझं अर्धंच तोंड उचललं होतं त्यांनी. धरून ठेवणारं. "सर, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये," मी म्हटलं. ते हसले. म्हणाले, "मग तुम्हीच सुधारा ना त्याला. रोज त्याचे फोन ऐका, बरोबर-चूक सांगा, कसं बोलायला हवं होतं ते लिहा. ते तुमच्याकडून शिकेल. आम्हाला हुबेहूब तुमच्यासारखं हवंय."

"हुबेहूब?"

"हुबेहूब."

"बघा हं सर. शब्द तुमचा आहे."

मी कामाला लागले. यंत्र हुशार होतं, पण नकार पचवायच्या बाबतीत ठार गाढव. एक म्हातारा सांगत होता की बायको गेली, आता दुकान कुणासाठी चालवू. तर हे त्याला सणासुदीची सवलत देत होतं. चूक! मी लिहिलं, 'इथे आधी गप्प बसायचं.' भाच्यानं बनवून दिलेलं वापरणाऱ्या बाईला हे घाबरवत होतं, तुमची मापं पुसली जातील म्हणून. चूक! 'मापं तिकडे नीट पोहोचली का ते विचार. पोहोचली असतील तर या म्हण.' रागावून निघालेल्यांना त्यानं समजूत काढून थांबवलं की बरोबर म्हणायचे. मी काही चोरून करत नव्हते. माझा प्रत्येक शेरा साहेबांकडे जात होता. त्यांनी एकही उघडला नाही, हा काही माझा दोष नव्हे.

मग एके दिवशी मला वर बोलावलं. साहेबांशेजारी खुद्द मालक बसले होते.

"हे ऐका," म्हणून साहेबांनी यंत्राच्या एका फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"बंद करायचंय मला." वहिनीचा आवाज! फुकटचे महिने सरून तिचे पैसे कापले गेले होते.

"काय झालं?" हा माझा.

"मागे सांगितलं होतं की. दुकान मिटलं. हात थरथरतात."

"हात बरे होण्यासारखे आहेत का?"

"नाही गं."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग माझा आवाज म्हणाला, "बरं. मापं सगळी पाठवून देते. कापलेले पैसे परत करते. या मग."

मला रडू फुटलं. त्या दोघांपुढे रडायचं नव्हतं, पण फुटलं.

"रडून काय उपयोग?" मालक म्हणाले. "अशी शेकडो गिऱ्हाइकं गेली. लोक आधीच स्वतःचं स्वतः बनवून घेतायत, आणि तुम्ही दार उघडून उभ्या!"

"दार लावून लोक राहतात होय?" मी डोळे पुसले. "इतकी वर्षं वर्गणी घेतलीत, सॉफ्टवेअरमध्ये नवं काय घातलंत? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि तुम्हीच म्हणालात ना सर, हुबेहूब? घ्या. आत्ता कुठे ते माझ्यासारखं बोलतंय."

मालक म्हणाले, "सोमवारी त्याला पुन्हा पहिल्यासारखं करू."

"करा. पण मग माझा आवाज काढा त्यातून."

"आवाज कंपनीचा आहे. तुमची सही आहे."

"असू दे. कागद तुमच्याकडे, गळा माझ्याकडे. ओळखीच्या प्रत्येक शिंप्याला मी स्वतः फोन करून सांगेन, की सोमवारनंतर जी बोलेल ती मी नव्हे. माझा आवाज घ्यायचा तर पुरता घ्या, नाहीतर टाकून द्या."

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

दारापाशी सवयीनं माझ्या तोंडून 'येते' निघालं. मी परत वळले आणि स्पष्ट म्हणाले, "नाही, जाते."

तिथून थेट वहिनीकडे गेले. तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. ते यंत्र, माझे शेरे, गेलेली नोकरी. दार तिनंच उघडलं, आणि कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. थरथरत्या हातांनी माझा हात धरून मला आत नेलं.

"सोडलंस बाई मला शेवटी," ती म्हणाली. "आणि किती नीट बोललीस. मी उगाच तुझ्यावर चिडले होते. तूच होतीस ना गं?"

तिचा हात माझ्या हातात थरथरत होता.

"हो वहिनी," मी म्हटलं. "या वेळी मीच होते."