साखरखेर्ड्याची हजेरी

जयमाला मॅडम परिषदेचे बॅज मख्खपणे लावून ठेवत होत्या. बुलढाण्याच्या त्या कॉलेजात दरसाल कापसावर परिषद भरायची. कधी बीटी बियाण्यावर, कधी बोंडअळीवर, यंदा फवारणीच्या विषबाधेवर. पहिल्या वर्षी मेलेल्या शेतकऱ्यांची नावं वाचताना मॅडम रडल्या होत्या. आता त्यांच्या डोक्यात फक्त जेवणाचा आकडा असे. काही वाटेनासंच झालं होतं बघा!

तेवढ्यात साखरखेर्ड्याहून गौसियाचा फोन आला. ती त्यांचीच पीएच.डी.ची विद्यार्थिनी. फवारणी करणाऱ्यांच्या बायकांवर तिचं काम. मागच्या महिन्यात तिचा नवरा आसिफ मजुरीनं कपाशी फवारताना कोसळला, तो दवाखान्यातून घरी आलाच नाही.

"मॅडम, मी इद्दतमधी हाय. दुखवट्याची मुदत सरेपर्यंत घराबाहेर निघता येत नाही. मोबाईलवरून पेपर वाचू का? हा पेपर नाही झाला तं माही नोंदणी जाते."

"नाही गं. कोरोनात पाहिलं ना? लोक कॅमेरा बंद करून झोपा काढत. हजर असेल त्याचाच पेपर, असा ठरावच आहे आपला."

"बरं," गौसिया म्हणाली. ना रडली, ना भांडली. मॅडमनी तिचा बॅज ड्रॉवरमध्ये टाकला.

मदतीला आलेले निवृत्त प्राध्यापक शकील सर हे पाहत होते. "काऊन काढला बॅज?"

"एकीला सूट दिली की उद्या सगळेच घरी बसतील, सर."

"बसू द्या ना! घरून ऐकतील तरी. जिच्या घरचा माणूस गेला, तिलेच बाहेर ठेवून आपण फवारणीवर बोलून राह्यलो. हे कोणतं शास्त्र हाय मॅडम?"

मॅडमनी वही पुढे ओढली. त्यांनी जेवणाचा आकडा लिहिला.

परिषदेच्या दिवशी सकाळीच प्रमुख पाहुण्यांचा फोन आला. पाय मुरगळला होता, पुण्याहून निघणं शक्य नव्हतं. मग काय पळापळ! स्क्रीन आली, नेट जोडलं, स्पीकर लागले. चहा निवायच्या आत पुण्याचे साहेब भिंतीएवढे दिसायला लागले. ठरावाची कोणाला आठवणही झाली नाही! साहेब बोलत राहिले आणि समोर हजर असलेली निम्मी मंडळी खुशाल डुलक्या घेत राहिली.

शकील सर मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेबांच्या पायासाठी ठराव वाकला. गौसियाचा नवरा गेला, तिच्यासाठी नाही वाकत?"

मॅडमना लाज वाटली. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, आणि ती निव्वळ लाज होती! त्या उठल्या आणि स्वतःच फोन लावला.

गौसियाला चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून फक्त आवाज आला. अगदी सपाट. "औषध नवरा फवारतो. पण पाणी बायको आणते, पंप ती भरते, कपडे ती धुते. तिच्या हाताचे फोड कोणत्याच अहवालात नाहीत." पेपर संपला तरी ती थांबली नाही. "आसिफचा त्या दिवसाचा शर्ट मीच धुतला. माह्या हातालेबी फोड आले. डॉक्टरनं मले विचारलं नाही. मीबी सांगितलं नाही."

डुलक्या घेणारे ताठ बसले होते. टाळी वाजवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

"मॅडम, माही हजेरी लागली का?"

"लागली गं पोरी, लागली!" म्हणता म्हणता मॅडमना रडू फुटलं.

त्याच दुपारी नवा ठराव झाला. यापुढे घरून बोलायची आणि ऐकायची सोय प्रत्येकाला, कारण न विचारता.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात परिषद भरवाल, तेव्हा स्क्रीन आधीच लावा. कोणी बाळंतीण असेल, कोणी अंथरुणावर, कोणी दुःखात. मोठ्या पाहुण्यांना जे न मागता मिळतं, त्यासाठी या माणसांना हात जोडायला लावू नका!