डबे घेऊन आफ्रिका पाहिलेली खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय, बरं का. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाची. भारतातून कुणाचे आईवडील आले की मला त्या घरी धाडतात. ते परत गेले की मी निघाले पुढच्या घरी.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. उजवं चाक बसवताना कुणीतरी शीळ घालत होतं, तेवढं ध्यानात आहे. माणसं मात्र खूप पाहिली. माझ्यात बसायला आधी सगळेच लाजतात. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. मग हळूच टेकतात, आणि फोटोपुरते तेवढे उठतात!

यंदा मी संजीवच्या घरी गेले. त्याची आई शोभनाआजी वाईकडच्या गावात एकट्या राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून संजीवच्या डोक्यात एकच. गावचं घर बंद करायचं आणि आईला पुण्याला आपल्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये ठेवायचं.

आजी म्हणाल्या, "मला चालता येतं का ते आधी बघ, मग कुलूप लाव."

"ठीक आहे. शनिवारी इथलं झू बघायला जाऊ. तिथे आफ्रिकेतल्या प्राण्यांचा अख्खा भाग पायी बघायचा असतो. शेवटी हत्ती आहेत. तिथपर्यंत चालून दाखव."

"दाखवते!"

मला तर उकळ्याच फुटल्या. आजी दमणार, माझ्यात बसणार, आणि मी आफ्रिका बघणार!

शनिवारी पार्किंगमध्ये मला उघडलं मात्र, आजींनी माझ्यावर डबे रचले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. वरून सुनेची ओढणी आवळून बांधली.

"आई, हे काय?" सूनबाई देवयानीने विचारलं.

"रिकामी दिसली की तुझा नवरा मला बसवणार. आता कुठे बसवतो बघू!"

नात नैना टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, यू आर सो स्मार्ट!"

आणि निघालो! मागून आजी ढकलतायत, मी पुढे. काय सांगू ती मजा! पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे बघून आजी म्हणाल्या, "एवढं रंगवायला बसलं कोण?" शहामृग तोऱ्यात चालत आलं, तर म्हणतात, "आमच्या थोरल्या जाऊबाई अश्शाच लग्नात शिरायच्या." संजीवसुद्धा खो खो हसला.

पण दुपारी झाडाखाली डबे उघडले, चाटूनपुसून रिकामे झाले, आणि नैनाच्या बॅगेत गेले. माझी बैठक उघडी पडली. पुढे चढ होता. अर्ध्यावर आजी थांबल्या. गुडघा दाबून धरला.

"आई, पुरे झाला हट्ट. बस आता," संजीव म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कुणी बसू नये माझ्यात.

आजी बसल्या. संजीवचा चेहरा उतरला. स्वतःचंच खरं झालं, तरी त्याला ते आवडलं नव्हतं. गुपचूप त्याने माझ्या दांड्या धरल्या.

"ढकलू नकोस. ब्रेक लाव."

"का?"

"शेतात दमले की बांधावर बसते ना मी? तशी बसलेय. हत्ती काय पळून चाललेत?"

समोर जिराफ शेंड्याचा पाला ओरबाडत होता. आजी त्याच्याकडे बघत घोट घोट पाणी प्यायल्या. मग माझ्या हातांवर जोर देऊन उठू लागल्या. निम्म्यातून परत बसल्या. संजीव धावला, तशी देवयानीने त्याची बाही धरली. "थांब रे. करू दे त्यांना."

दुसऱ्यांदा उठल्या. उभ्या राहिल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि आम्ही चढावर! पलीकडे हत्ती अंगावर माती उडवत होते.

"अगं बाई, कान आहेत की चटया!" आजी ओरडल्या. नैना उड्या मारत होती, आणि माझीही चारी चाकं थरथरत होती.

संजीवने आईच्या हातात पाण्याची बाटली दिली. मग म्हणाला, "आई, गावच्या न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेऊ."

"दोन बसव. तूही येशीलच की म्हातारा होऊन!"

मंगळवारी आजी गावी गेल्या. आता मी मंडळातल्याच शंतनूच्या गॅरेजमध्ये आहे. त्याचे वडील येतायत.

उद्या तुमच्या घरी आले, तर माझं एवढं ऐका. कुणी माझ्यात बसलं की लगेच ढकलायला धावू नका. ब्रेक लावा, आणि जरा शेजारी उभे राहा.