रिकामा रकाना

"ताई, ती गोळी डॉक्टरांनी कालच बंद केली म्हणे. मग पडद्यावर अजून कशी दिसतेय?" फोनवर सिस्टर वैतागली होती.

संगणक विभागातल्या ताईंनी हातातलं काम सोडलं. इस्पितळाचं सगळं सॉफ्टवेअर त्यांच्या हातचं. रुग्ण असो, औषध असो की कोठारातला माल, डेटाबेसमध्ये साठवायची रीत एकच. मग तेच तेच परत कशाला लिहा? म्हणून त्यांनी एकच मूळ क्लास, म्हणजे सगळ्यांना पुरणारा प्रोग्रॅमचा साचा, लिहिला होता, बाकीचे सगळे क्लास त्याच्या जिवावर चालत. त्याचा त्यांना कोण अभिमान! परवा कोठारवाल्याने डोकं खाल्लं, "रकाना चुकून रिकामा राहिला की आधीचा आकडा पुसला जातो हो." ताईंनी मूळ क्लासातच एक ओळ घातली: रिकामं आलं तर जुनं ठेव. कोठारवाला खूश.

पण औषध बंद करायचं म्हणजे डॉक्टर डोसाचा रकाना रिकामाच करत. ती ओळ तिथेही लागू झाली होती, आणि ताईंना ते सुचलंच नव्हतं.

"कुठली गोळी?"

"रक्त पातळ करायची. आमच्या वॉर्डातल्या मास्तरांना सकाळी दिली की मी. आता ऑपरेशनला नेतायत त्यांना."

ताईंनी आधी ती ओळ काढून टाकली. मग त्या जिन्याने धावत सुटल्या.

"थांबा, नेऊ नका," त्यांनी स्ट्रेचरची दांडीच धरली. "माझ्या प्रोग्रॅममुळे बंद केलेली गोळी दिली गेलीय यांना."

सर्जनचा चेहरा उतरला. स्ट्रेचर मागे फिरलं.

"म्हणजे आता चहा मिळेल ना?" मास्तरांनी विचारलं. कुणी हसलं नाही.

परवापासून आणखी कुणाकुणाची औषधं बंद झाली? सिस्टरला घेऊन ताई एकेका खाटेपाशी गेल्या. माणूस डोळे उघडून बघायचा, तेवढ्यापुरता जिवात जीव यायचा, की पुढची खाट.

शेवटच्या खाटेवर नुसती गादी होती. सिस्टरने घडीची चादर उचलली.

"इथल्या आजी?"

"पहाटे गेल्या."

"त्यांची गोळी?"

"कालच बंद केली होती." सिस्टर चादर उलगडत राहिली. "रात्री मी नव्हते. दिली की नाही, रात्रपाळीच्या सिस्टरला विचारावं लागेल. वय झालं होतं हो ताई त्यांचं."

ताईंनी मान हलवली नाही. चादरीचं दुसरं टोक धरलं आणि गादीखाली नीट खोचलं. मग म्हणाल्या, "चल, विचारू."