घोंगडीखालचा डबा

यवतला मारुतरावांच्या मेंढरांच्या वाड्यापुढं माणूस मावत नव्हतं. हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा गाड्या लावून रांगेत उभे. आत घोंगडीत गुंडाळलेला तेलाचा डबा, झाकणावर भंडारा. चूल नाही, शेगडी नाही, तरी डबा गरम! मधूनच झाकण हलायचं, फुस्स व्हायचं, भंडारा उडायचा आणि बाया हात जोडायच्या.

"देव आत श्वास घेतोय," मारुतराव डोळे मिटून सांगायचे. "त्येचा अंगारा घ्या, दमा पळालाच. पन डाक्तरचा पंप त्येला चालत न्हाई. रुसतो."

पंपाला घाबरणारा देव मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. डब्यातला काळा, गोडसर वासाचा अंगारा बाया मशेरीसारखा हिरड्यांना चोळायच्या आणि डोकं गरगरलं की म्हणायच्या, अंगात आलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी गेलो होतो शेजारच्या कुशाबाईंसाठी. त्यांनी दम्याचा पंप सोडला होता आणि आता वाड्याच्या कुडाला टेकून एकेक श्वास ओढत होत्या. मी पंप पुढं केला तर हात झटकला.

"देव रुसंल, मास्तर."

जवळच गॅरेजवाला मुजीब उभा होता. त्याची आई वारल्यावर याच कुशाबाईंनी त्याला भाकरी खाऊ घातली होती. तो त्यांच्याकडं बघेना, नुसती चपलेनं माती उकरत होता. मग एकदम गॅरेजकडं पळाला आणि तसलाच एक डबा कवटाळून आला.

"मावशी, ह्यो बी गरम हाय. हात लावून बघ."

त्यानं झाकण उघडलं. तोच वास, तोच काळा चोथा.

"पाइपात वढायची तंबाखू हाय ही. पानावर गुळाचं पानी मारायचं, जॅकनं घट्ट दाबायचं, झाकण लावून उबंत ठिवायचं. आंबली की तापती, गॅस सुटतो. सणसवाडीच्या एका सायबाकडं शिकलो. अब्बांला वास येऊ नये म्हनून एक डबा मारुतमामांकडं ठिवला. त्यांनी त्येचा देव केला आन् मी गप बसलो."

त्याचे वडील सुभानचाचा गर्दीतच होते. त्यांनी मान खाली घातली.

"देवाची परीक्षा घेतोस व्हय रं?" मारुतराव उसळले.

"मारुतराव," मी म्हणालो, "उकिरड्यात हात घालून बघितलाय ना कधी? आतून वाफ येते, तिथं कोण श्वास घेतं? ही घोंगडी ऊब धरून ठेवते. काढा ती, देव उद्याच्याला गार पडेल."

"व्हय की!" रांगेतली धुरपदा म्हणाली. "आता आमच्या उकिरड्याला बी नारळ फोडते."

हशा पिकला. मुजीब मात्र हसला नाही. त्यानं माझ्या हातातला पंप घेतला आणि कुशाबाईंपुढं बसला. "वढ गं मावशी. पाया पडतो."

त्यांनी पंप तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं छाती जरा मोकळी झाली, तेव्हा बोलल्या, "मी मेल्यावर सांगनार हुतास व्हय रं, लेकरा?"

मुजीब ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याला उगी राहा म्हणायला कोणी पुढं झालं नाही.

म्हणून सांगतो, मंडळी. चुलीवाचून डबा तापला तर हात जोडण्याआधी झाकण उघडा. आणि आत काय भरलंय हे ज्याला ठाऊक असेल, त्यानं त्याच दिवशी बोलावं. कुशाबाई थोडक्यात वाचल्या.