दाराआडची काठी

तुमच्या घरी दाराआड काय उभं असतं? छत्री असेल, केरसुणी असेल. एका पोलीस शिपायाच्या दोन खोल्यांत तिथे मी असायचे. मी त्यांची काठी बोलतेय. आता माळ्यावर पडून आहे, अंगाला चिरा गेल्यात, पण तो संप विसरले नाही.

मी बांबूच्या बेटातली. मला कापलं, धुरावर शेकलं, टोकाला लोखंडी कडं ठोकलं आणि शिपायांच्या हाती दिलं. बंदोबस्त असला की सकाळी त्यांची बायको मला तेलाचं फडकं लावायची. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही. दुपारी ती विणायला बसली की लोकरीचा गुंडा माझ्या पायाशी असे. बरीच वर्षं मी नुसती रस्ते अडवत आले. माणसावर पडले नव्हते.

मग देशभर संप झाला. ताईचा धाकटा भाऊ कारखान्यात फिटर होता. मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायला आला. मला हातात तोलून म्हणाला, “दाजी, उद्या जरा बेतानं हं. पाठ एकच आहे मला.”

“मग पुढे नको उभा राहूस.”

“मागेच उभं राहायचं तर संप कशाला करायचा?”

दोघं हसले. ताई हसली नाही. तिने नवा विणलेला निळा स्वेटर भावाच्या अंगात घातला. बाह्यांवर पिवळे पट्टे होते. मोर्चात अश्रुधुराच्या भीतीने सगळे तोंडाला ओले रुमाल बांधतात, चेहरे कळत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने नवऱ्याला दोनदा बजावलं, “पिवळे पट्टे दिसले की काठी खाली.” शिपायांनी मान हलवली.

सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर आम्ही रांगेत उभे राहिलो. समोर हजारभर माणसं, आणि आवाज नाही. घोषणा असत्या तर बरं वाटलं असतं. एवढ्या गारठ्यातही शिपायांच्या तळहाताचा घाम मला लागत होता. मग अश्रुधूर सुटला, शिट्टी वाजली आणि रांग पुढे धावली.

धुरात पिवळे पट्टे दिसले. स्वेटरवाला जमिनीवर पडला होता आणि रुमाल बांधलेला एक जण त्याच्यावर ओणवा झाला होता. शिपायांना वाटलं, आपल्या मेहुण्याला कोणी तुडवतंय. त्याला सोडवायला त्यांनी मला उगारलं. नेम कमरेखालीच धरायचा, अशी त्यांची शिकवण. पण समोरचा वाकलेला. मी त्याच्या डोक्यात बसले.

शिपायांनी स्वेटरवाल्याला उठवलं. रुमाल घसरला. तो बॉयलरवरचा म्हातारा कामगार होता.

“मला सोडा,” तो म्हणाला, “त्या फिटरला उचला आधी. मला हुडहुडी भरली म्हणून त्यानं अंगातला स्वेटर काढून दिला.”

संध्याकाळी ताई इस्पितळातून आली. भाऊ शुद्धीवर नव्हता. तिने विचारलं, “कोणी मारलं, दिसलं का तुम्हाला?”

“धूर होता,” शिपाई म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं. तुम्हाला तोंड आहे. एवढंच मागते, घरात असं काही उभं असेल तर गप्प राहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेल्याचा निरोप आला. तेव्हा ताई मला तेल लावत होती, कारण शिपायांना सात वाजता पुन्हा फाटकावर हजर व्हायचं होतं.