अठरावा हॉर्न

मास्तरांनी आयुष्यात गाडीला कधी दोष दिला नाही. चौतीस वर्षं बस चालवली, त्यातली शेवटची अकरा नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली, म्हणून तर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकाऊ माणूस म्हणाला, "गाडी धक्का खातेय हो," की मास्तरांचं ठरलेलं उत्तर, "आधी स्वतःच्या पायाकडे बघ, मग इंजिनाकडे." दहातल्या नऊ वेळा चूक पायाचीच निघायची. हे त्यांच्या इतकं हाडीमाशी खिळलं होतं की म्हातारपणी त्यानंच सगळा घोळ केला.

झालं असं. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं महिन्याभरात रुळावर आलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच, आणि त्यातला अंगठा तर अगदीच. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिसऱ्या दिवशी कपाटामागे सापडला. मग लेकीनं डोकं लढवलं. ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिनं आपला जुना कॉम्प्युटर बापाच्या खोलीत मांडला, टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळून बसवलं, खाली पेडल ठेवली आणि बस चालवायचा गेम लावून दिला.

"खेळण्यातली बस चालवू होय मी आता?" मास्तरांनी नाक मुरडलं. पण चौथ्या दिवशी बायको बघते तर काय, स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून स्टिअरिंगवर हजर! रोज दुपारी जेवण झालं की दोन तास ड्यूटी. अंगठा हलत नव्हता, पण घरात पुन्हा शीळ ऐकू यायला लागली होती. "आता फक्त ते पों-पों तेवढं राहिलंय," बायको लेकीला हसत म्हणाली. पूर्वी मास्तरांची बस घराच्या कोपऱ्यावरून जायची तेव्हा दोन छोटे हॉर्न ठरलेले असायचे, खिडकीतल्या बायकोसाठी. सगळी गल्ली त्यावरून तिला चिडवायची.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी ते अडकणं सुरू झालं.

बस मोठ्या शहरात शिरली की चौकात, वळणावर समोरचा रस्ता थिजायचा. पापणी लवेपर्यंत सगळं जागच्या जागी, आणि मग बस एकदम चार हात पुढे. पहिल्यांदा झालं तेव्हा मास्तरांनी करकचून ब्रेक दाबला. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "समोरचं थांबल्यासारखं वाटलं, मधलं काही निसटल्यासारखं वाटलं, तर लगेच सांगायचं." म्हणजे हे तेच! रस्ता कशाला थांबेल? थांबतंय ते आपलं डोकं. मास्तरांनी सवयीप्रमाणे स्वतःकडे बघितलं, स्वतःलाच दोषी ठरवलं आणि मूग गिळून बसले. सांगितलं असतं तर पुन्हा ती हॉस्पिटलची खाट, आणि खाटेच्या पायथ्याशी बायकोचा तो चेहरा. तो चेहरा त्यांना परत बघायचा नव्हता.

शीळ बंद झाली, हे आधी बायकोला कळलं. तिनं लेकीच्या कानावर घातलं, "हल्ली मधेच बंद करून बसतात गं. विचारलं तर खेकसतात."

लेक हसली. "अडकत असेल गेम. नवीन शहर आलंय ना त्यात, आणि आपलं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड पडलं जुनं." मग ती बापाच्या खोलीत डोकावली. "बाबा, नवं कार्ड घेऊन टाकू या."

"काही नको," मास्तर म्हणाले.

"अहो बाबा, पण अडकतंय ना?"

"अडकू दे. नको म्हटलं ना!"

लेकीला वाटलं, बाप चिक्कूपणा करतोय. कसला चिक्कूपणा! बिचाऱ्याच्या मनात वेगळंच होतं. जुनं कार्ड आहे तोवर निदान शंकेला जागा आहे. उद्या नवं कोरं कार्ड बसवलं आणि रस्ता तरीही थिजला, तर? मग कुणाकडे बोट दाखवायचं?

पण लेक बापाच्याच वळणावर गेलेली. रविवारी दुपारी ती हातात वही घेऊन खोलीत आली. "दुकानात रोज बघते मी. लोक न तपासता कार्ड बदलतात आणि अडकणं तिथल्या तिथंच. मी आधी तपासणार. बसा तुम्ही."

मास्तरांनी आढेवेढे घेतले, पाठ दुखते म्हणाले, झोप येते म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"हे बघा," लेक म्हणाली, "गेममध्ये दर सेकंदाला साठ चित्रं एकामागून एक येतात. एखादं उशिरा आलं की अडकल्यासारखं दिसतं. प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते कॉम्प्युटर नोंदवत राहील. मी पडद्याकडे बघणार नाही. तुम्हाला अडकलं असं वाटलं, की एक लांब हॉर्न द्यायचा. मग दोन्ही ताडून बघू."

म्हणजे परीक्षाच! कॉम्प्युटर सुरळीत म्हणत असताना आपला हॉर्न वाजला, की संपलंच, पितळ उघडं. द्यायचाच नाही हॉर्न, असं एकदा मनात आलंही. पण चौतीस वर्षांत गाडीचा खोटा रिपोर्ट कधी दिला नव्हता, आता लेकीला काय देणार? त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. हॉर्नची बटणं दोन्ही अंगठ्यांखाली होती. डावा अंगठा तयार ठेवला आणि बस काढली.

पहिला चौक. रस्ता थिजला. डाव्या अंगठ्यानं हॉर्न. वळण, हॉर्न. पूल, हॉर्न. लेक पाठ करून खिडकीबाहेर बघत बसली होती. मास्तर घामाघूम झाले, पण एकही चुकवला नाही. मध्येच बायको चहा घेऊन आली, लेकीनं खुणेनंच गप्प राहायला सांगितल्यावर कप ठेवून दारात उभी राहिली. अर्ध्या तासानं लेक म्हणाली, "बस झालं."

पडद्यावर एक लांबलचक रेघ उमटली. बरीचशी सपाट, मधेमधे सुळके. "सपाट म्हणजे सुरळीत, सुळका म्हणजे चित्र उशिरा आलं. आणि हे खालचे ठिपके तुमचे हॉर्न." लेक बोट फिरवत गेली. "हा सुळका, हा हॉर्न. हा सुळका, हा हॉर्न. अरे वा! एकही चुकला नाही. सोळा... सतरा."

मास्तरांच्या जिवात जीव आला. गाडीच! गाडीच धक्का खात होती! आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गाडीचा दोष ऐकून बरं वाटलं.

"आणि हा काय अठरावा?" लेक थबकली. "इथे तर काहीच नाही. रेघ अगदी सपाट."

मास्तरांना तो हॉर्न आठवेना. खूप आठवून बघितलं, छे! मधलं काही निसटल्यासारखं, डॉक्टर म्हणाले होते. मग कसंबसं म्हणाले, "तो माझा. बाकीचे मशीनचे असतील, पण तो माझा. मला वाटत होतं सगळेच माझे. तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे?" लेक ओरडलीच. "बाबा! आणि तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत? उद्या सकाळी आधी डॉक्टर!" आणि ओरडता ओरडता तिचे डोळे भरले.

"कधीचा गं तो अठरावा?" दारातून बायकोनं विचारलं.

"तीन वाजून बारा मिनिटांनी."

"मग तो माझा," बायको म्हणाली. "मी चहा घेऊन आले तेव्हाचा. एवढंसं वाजवलं, पों-पों. मला वाटलं मुद्दाम वाजवलं, म्हणून तर हसले मी."

लेकीनं ठिपका मोठा करून बघितला. लांब नव्हताच तो, दोन छोटे होते. मग तिनं बटणाची नोंद उघडली आणि दोनदा वाचली. "बाबा, सतरा डाव्या बटणाचे आहेत. हा उजव्याचा आहे."

तिघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

पुढचं काम लेकीनं नाक पुसत उरकलं. "चाळीस सीटच्या गाडीत साठ माणसं चढवली, तसं झालंय. नव्या शहराचं सामान कार्डाच्या मेमरीत मावत नाही." तिनं चित्रांची बारकाई दोन पायऱ्या उतरवली, तशा शहरातल्या भिंती जरा फिक्या पडल्या. बस त्याच चौकातून लोण्यासारखी गेली.

"आता आण खुशाल नवं कार्ड," मास्तर म्हणाले.

"आता कशाला? आता चालतंय की!"

"अगं, मला त्या भिंतींवरचे रंग पूर्वीसारखे बघायचेत. भीती होती तेव्हा नको म्हटलं, आता कसली भीती?"

"बरं, आणते. पण उद्या डॉक्टरांकडे जायचं ते जायचंच."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांचं लक्षच नव्हतं. ते उजवा हात चाकावर ठेवून, कपाळाला आठ्या घालून अंगठ्याकडे बघत होते. हल म्हणत होते. अंगठा ढिम्म.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "तिकडे काय बघताय? इकडे बघा."

मास्तरांनी मान वर केली. बायको दाराच्या चौकटीला टेकून हसत उभी होती. तेही हसले, आणि खोलीत पों-पों वाजलं.